वसईचा किल्ला: चार तासांची फेरी, बघण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वसईच्या किल्ल्यावर येणारे बहुतेक जण दीड तासात परत फिरतात. पोर्तुगीजांकडून हा किल्ला जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी एक फोटो, एखाद्या पडक्या चर्चच्या कमानीखाली दहा-बारा फोटो, बंदरावर शहाळं, की निघाले. गाण्यांतून आणि लग्नाआधीच्या फोटोंतून जो किल्ला सगळ्यांनी आधीच पाहिलेला असतो, तेवढाच पुन्हा बघून जातात. खरं तर हा किल्ला सुमारे ११० एकरांचा आहे आणि त्याच्या तटाच्या आत पोर्तुगीजांचं एक अख्खं शहर नांदत होतं. रस्ते, बाजार, कचेरी, इस्पितळ, शाळा, मठ, चर्च, सगळं. त्या शहराचा नकाशा डोक्यात ठेवून फिरलं तर कुठली भिंत कशाची ते कळत जातं. नाहीतर सगळ्या भिंती सारख्याच, काळ्या आणि शेवाळलेल्या.

वास्तू आणि इतिहासाला पाचपैकी पाच गुण. पोहोचण्याच्या सोयीला चार. आतल्या सोयींना, म्हणजे पाणी, स्वच्छतागृह, बसायला सावली, दिशादर्शक पाट्या यांना दोनच. या दोन गुणांमुळे किल्ला टाळायचं कारण नाही, फक्त तयारीने जायचं. काय तयारी, ते पुढे येईलच.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर पश्चिमेला उतरायचं. तिथून किल्ला सहा-सात किलोमीटर. महापालिकेच्या परिवहन सेवेच्या बस वसईगावातून किल्ल्याकडे आणि बंदराकडे जातात, रिक्षाही मिळतात. जाताना रिक्षा सहज मिळते. संध्याकाळी परतताना मात्र किल्ल्यात रिकामी रिक्षा मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना अहमदाबाद महामार्गावरून वळसा घालून वसईत उतरावं लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई अशी, गाड्याही वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि तिचा वसईकडचा धक्का किल्ल्याला लागूनच आहे. खाडीपलीकडचं भाईंदर समोर दिसतं, पण रस्त्याने गेलं तर तास खाऊन जातं. बोटीने पाऊण तासापेक्षा बराच कमी वेळ लागतो. वेळापत्रक पाण्याप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे बदलतं, तेव्हा निघायच्या दिवशी ताजी वेळ बघावी. किल्ल्याला तिकीट खिडकी नाही. डांबरी रस्ता थेट किल्ल्याच्या पोटातून बंदराकडे जातो, त्यामुळे आपण आत कधी आलो हेच पुष्कळांना समजत नाही. पहिली चूक इथेच होते.

कारण या किल्ल्याची गोष्ट दरवाजापासून सुरू होते. त्याला दोन मोठे दरवाजे. जमिनीकडचा भुई दरवाजा आणि खाडीकडचा दर्या दरवाजा. रिक्षातून डांबरी रस्त्यानेच मधोमध जाऊन उतरलं तर भुई दरवाजा राहून जातो. तो आधी बघा. बाहेरच्या कमानीतून आत शिरलात की समोर दुसरं दार दिसत नाही. वाट वळते आणि मग आतलं दार येतं. दार फोडायला लाकडाचा ओंडका घेऊन धावत येणाऱ्यांना वेग घेता येऊ नये, आणि वळणावर अडकलेल्यांवर वरून मारा करता यावा, एवढ्यासाठी ही रचना. त्या वळणावर उभं राहून वर बघा. तिथून सुटणं किती अवघड होतं ते एका नजरेत कळतं.

तिथूनच तटावरचा बुरूज नीट बघून घ्या. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे बुरूज बहुतेक गोल असतात. वसईचे कोनाकृती आहेत, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले. युरोपात तोफा आल्यावर ही पद्धत रुळली. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक जागा अशी उरते जिथे कोणत्याच तोफेचा मारा पोहोचत नाही. शत्रू तिथे येऊन सुरुंग खणू शकतो. कोनाकृती बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते, म्हणून अशी आंधळी जागा उरत नाही. वसईला असे दहाएक बुरूज आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना संतांची नावं आहेत. त्यातली दोन लक्षात ठेवावीत: सेंट सेबॅस्टियन आणि रेमेडिओस. १७३९ ची मराठे आणि पोर्तुगीजांमधली लढाई याच बाजूला निकराची झाली.

ती याच बाजूला का झाली, हे जागेवर उभं राहिल्यावर लगेच पटतं. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि चिखलाची दलदल. सैन्य, तोफा, मोर्चे लावायला कोरडी जमीन मिळते ती फक्त उत्तरेकडे. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे शहर घेतलं, त्याभोवतीचं साष्टी बेट घेतलं, पण वसई दोन वर्षं हाती लागली नाही. उत्तर कोकणातल्या लोकांच्या तक्रारी पेशव्यांपर्यंत नेऊन ही मोहीम व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत अणजूरचे गंगाजी नाईक पुढे होते. शेवटचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीपासून आवळला गेला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले, समुद्राकडून मानाजी आंग्र्यांनी कोंडी केली. तोफांनी तट पडेना, म्हणून वाळूतून खंदक पुढे सरकवत बुरुजाच्या बुडाशी सुरुंग खणले. किल्ल्यातून वरून दगड, तोफगोळे, पेटते पदार्थ येत होते. काही सुरुंग उशिरा उडाले आणि धावून गेलेले आपलेच लोक त्याखाली सापडले. अखेर सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं. मराठ्यांची माणसं काही हजारांत गेली, आतल्यांची काही शेकड्यांत. “किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन माझं डोकं तरी आत जाऊ द्या,” असं चिमाजी अप्पा म्हणाल्याचं सांगितलं जातं. खिंडाराची बाजू बघून आलेल्याला त्या वाक्यातली तगमग समजावून सांगावी लागत नाही.

१६ मे १७३९ ला तह ठरला. आतल्या फौजेला शस्त्रांसह, निशाण फडकावत आणि नगारे वाजवत बाहेर पडू द्यायचं, रहिवाशांना चीजवस्तू नेऊ द्यायची, जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यायचा, अशी कलमं होती. आठवड्याभराने पोर्तुगीज बाहेर पडले. दोन वर्षांच्या रक्तपातानंतर हा तह पाळला गेला, ही गोष्ट वसईच्या विजयाइतकीच अभिमानाने सांगण्यासारखी आहे. वाटाडे मात्र ती फार कमी वेळा सांगतात.

भुई दरवाजाकडून चालत मध्यावर आलं की रस्त्यालगत चिमाजी अप्पांचं स्मारक लागतं आणि जवळच नागेश्वराचं मंदिर. विजयानंतर वसईचा कारभार पाहणाऱ्या शंकराजी केशव फडक्यांच्या काळाशी या परिसरातली मराठा बांधकामं जोडलेली आहेत. किल्ल्याला बाजीपूर असं नावही दिलं गेलं होतं, पण ते टिकलं नाही. मंदिरात थोडी सावली आणि शांतता मिळते. पाणी प्यायला, पाय मोकळे करायला हीच जागा बरी.

इथून सगळे चर्चकडे वळतात. तुम्ही आधी बालेकिल्ल्यात जा. हा किल्ल्यातला किल्ला, आणि पोर्तुगीजांच्या वसईची सुरुवात इथून झाली. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने नुनो द कुन्हा या पोर्तुगीज गव्हर्नरशी तह करून वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं, साष्टी हा सगळा मुलूख सोडून दिला. तह झाला तो ‘साओ मातेउस’ नावाच्या गलबतावर. उत्तरेकडून हुमायून चालून येत होता आणि सुलतानाला पोर्तुगीजांशी वैर परवडणारं नव्हतं. १५३६ मध्ये पहिला कप्तान गार्सिया द सा याने बालेकिल्ल्याचं काम सुरू केलं. बाहेरचा मोठा तट त्यानंतर काही दशकांनी उभा राहिला. म्हणजे मुंबईचा सात बेटांचा जो इतिहास आपण शाळेत शिकतो, त्याची सुमारे सव्वाशे वर्षं वसईच्या हाताखाली गेली. इंग्रजांना १६६१ च्या विवाहकरारात मुंबई मिळाली, ती या उत्तरेकडच्या प्रांतातून तोडून.

बालेकिल्ल्याच्या दारावर मान वर करून थांबा. पोर्तुगीज राजाची मुकुटासह ढाल, तिच्या आत पाच छोट्या ढाली, बाजूला ख्रिस्ती संघाचा रुंद टोकांचा क्रूस आणि कड्यांचा पिंजरा असावा तसा गोल. हा पिंजरा म्हणजे आकाशगोलाचं यंत्र, दर्यावर्दी राज्याची खूण. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर उन्हं तिरपी असतात तेव्हा हे कोरीवकाम उठून दिसतं. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट होतं आणि फोटोत काहीच येत नाही. आत गेल्यावर कचेऱ्या, कोठारं आणि एका चर्चचे अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकात किल्ला भाडेपट्ट्याने दिला गेला आणि इथे साखरेचा कारखाना चालला. चर्चच्या भिंतीला न शोभणारं विटांचं, धुराड्यासारखं काम दिसलं तर ते पोर्तुगीजांच्या किंवा मराठ्यांच्या खात्यावर मांडू नका.

वसईच्या या दगडाबद्दल एक गोष्ट गोव्याच्या वाचकांना नक्की आवडेल. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर जे बारीक कोरलेले काळसर खांब आणि नक्षी आहे, तो बसाल्ट वसईहून समुद्रमार्गे नेलेला. गोव्याचा जांभा भिंतीला उत्तम, पण सच्छिद्र असल्याने त्यात पानाफुलांची नाजूक कड टिकत नाही. वसईचा दगड घट्ट आणि बारीक कणांचा. म्हणून इथल्या पडक्या चर्चच्या खांबांवरच्या पन्हळी आणि पानं चारशे वर्षांच्या पावसानंतरही बोटाला लागतात.

चर्च बरीच आहेत, सगळी एका दमात बघायचा हट्ट करू नये. तीन नीट बघा.

पहिलं जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं. आज त्याला गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. दर्शनी भिंतीवर दरवाजाच्या दोन्ही अंगांना पन्हळीदार खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी आणि वर जेझुइट संघाची अक्षरं. गोन्सालो १५५६ मध्ये वसईत जन्मला, इथल्या जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला. पुढे फ्रान्सिस्कन संघात सामील झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकी इथे क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईच्या ख्रिस्ती समाजासाठी ही जिवंत उपासनेची जागा आहे आणि सणाला इथे मिस्सा होते. कुणी प्रार्थना करत असेल तर त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा, वेदीवर चढून फोटो काढू नयेत. हे पाटीवर लिहायची वेळ यायला नको.

दुसरं फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी. आमच्या मते संपूर्ण किल्ल्यात सर्वांत मोलाची जागा हीच, आणि सर्वांत जास्त पायदळी तुडवली जाणारीही हीच. कारण बघण्यासारखं सगळं जमिनीवर आहे. फरशी म्हणून ज्यावर पाय पडतो ती थडगी आहेत. माणूसभर लांबीच्या शिळा, कडेला चौकट, वर कुटुंबाची ढाल आणि खाली पोर्तुगीज मजकूर. अक्षरं रोमन, पण शब्द तोडून, एकमेकांत गुंफून कोरलेले, म्हणून पहिल्यांदा काहीच लागत नाही. दोन शब्द शोधायचे. सुरुवातीला ‘सेपुल्तुरा’, म्हणजे थडगं. शेवटाकडे ‘एर्देइरोस’, म्हणजे वारस. मधला मजकूर म्हणजे नाव, हुद्दा आणि बायकोचं नाव. ‘अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं थडगं’ असा बहुतेकांचा साचा. एकच शिळा पुढच्या पिढीसाठी पुन्हा उचलली जायची. म्हणून तर वारसांचा उल्लेख.

झिजलेली अक्षरं वाचायची सोपी रीत: मोबाइलची विजेरी शिळेला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि सावकाश फिरवा. खोलगट भागात सावली पडते आणि जी अक्षरं उभ्याने दिसत नव्हती ती ओळीने वर येतात. एका जागी तीन-चार कोनांतून फोटो घेतले तर घरी जाऊन सगळा मजकूर जुळवता येतो. खडू, पीठ, कोळसा, तेल यातलं काहीही लावू नका. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, पावसात तिथेच ओल धरून ठेवते आणि पापुद्रा सुटतो. पाणी ओतून पुसणाऱ्यांमुळेही कडा झिजतात. पायातले बूट काढायची गरज नाही, पण शिळांच्या मधल्या फटींतून चालावं, नक्षीवरून नको.

या चर्चमध्ये वर बघितलं की आणखी एक गोष्ट कळते. सभामंडपाला छत नाही, पण वेदीवर आणि बाजूच्या काही कोनाड्यांवर आहे. असं का? मंडपाचं छत लाकडी वाशांचं आणि कौलांचं होतं. शहर ओस पडल्यावर लाकूड आणि कौलं दुसरीकडे कामाला लागली, उरलेलं पावसाने खाल्लं. जिथे दगडी कमानछत होतं तेवढंच टिकलं. मे १६१८ च्या वादळानेही इथल्या मठा-चर्चची छपरं उडवली होती, म्हणजे त्या छतांची कमजोरी पोर्तुगीजांनाही ठाऊक होती. आज भिंतींचा मोठा शत्रू पिंपळ आणि वड. पक्ष्याच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडतं, मूळ सांध्यातून आत शिरतं आणि चार-पाच पावसाळ्यांत दगड बाहेर ढकलतं. वरवर छाटणी केली तर मूळ आणखी जाड होतं. म्हणून मुळं लटकणाऱ्या कमानीखाली थांबू नका, कितीही सुंदर दिसली तरी.

तिसरं, सेंट जोसेफ, ते शेवटी. दर्या दरवाजाच्या अंगाला असल्याने परतीच्या वाटेवर येतं. दारावरचा लेख सांगतो की आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात १६०१ मध्ये हे चर्च नव्याने बांधलं. मनोऱ्यात गोल जिना आहे. एका वेळी एकच माणूस चढू शकेल एवढाच, आत अंधार आणि पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या. वरून खाली येणारा आणि खालून चढणारा मध्ये भेटले की दोघांनाही उलटं फिरता येत नाही. त्यामुळे चढण्याआधी हाक मारायची. विजेरी हवी, सपाट तळव्यांच्या चपला नकोत. पावसाळ्यात आणि जिना बंद केलेला असेल तेव्हा वर जायचा प्रयत्न करू नये. वरून खाडी, कोळी बोटी, ताडांची रांग आणि तटाची रेघ एकत्र दिसते. शहराचा नकाशा खऱ्या अर्थाने इथे उलगडतो.

चर्चच्या मनोऱ्यांत घंटा का नाहीत, हा प्रश्न पडायला हवा. त्या महाराष्ट्रभर देवळांत आहेत. विजयानंतर मराठा सरदारांनी त्या नेऊन देवाला वाहिल्या. नाशिकच्या गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरातली घंटा सर्वांत प्रसिद्ध, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकराच्या घंटेवर १७२९ आणि क्रूस. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरही एक आहे. या तिन्ही ठिकाणी लोक दर वर्षी हजारोंनी जातात आणि घंटेवरचा मजकूर न वाचता परत येतात. वसई बघून झाल्यावर त्यातली एक तरी जवळून बघा.

आता चित्रीकरणाबद्दल, कारण पुष्कळांना किल्ला माहीत होतो तो यामुळेच. ‘जोश’ हा चित्रपट, ‘प्यार तूने क्या किया’मधलं ‘कम्बख्त इश्क’ हे गाणं, आणि २०१६ मध्ये आलेल्या कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याचा काही भाग इथे चित्रित झाला. वसईला निर्मात्यांची पसंती मिळण्याची कारणं सरळ आहेत. मुंबईचे स्टुडिओ जवळ. गोव्याला न जाता गोव्यासारखी दिसणारी जागा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिनछताची चर्च. उंच भिंतींमुळे वाऱ्याला आडोसा होतो, वरून मोकळा उजेड येतो आणि भिंतींवरून परावर्तित होऊन तो चेहऱ्यावर मऊ पडतो. ‘जोश’ची गोष्ट गोव्यातल्या वास्कोत घडते, पडद्यावर दिसते ती वसईही. असं वारंवार झाल्याने वसईचं स्वतःचं नाव पडद्यावर क्वचितच येतं, आणि ज्याला इथे ‘ते गाण्यातलं ठिकाण’ शोधायचं असतं त्याला शेजारच्या थडग्यांचा पत्ता नसतो.

इथे चित्रीकरण करायचं असेल तर काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. हातातल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने घरगुती फोटो काढायला कुणी अडवत नाही. तिपाई, दिवे, ड्रोन आणि कोणतंही व्यावसायिक चित्रण यासाठी १९५९ च्या नियमांप्रमाणे पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज बराच आधी करावा, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. स्थानिक माणसाला चार पैसे दिले की झालं, असं सांगणारे भेटतात. त्याला परवानगी म्हणत नाहीत. आत वीजजोडणी मिळेल असं धरून चालू नका. जागेवर आवाज घ्यायचा असेल तर बंदराच्या रस्त्यापासून लांबची चर्च निवडा, कारण मोटारसायकली, टेम्पो आणि बोटीची वाहनं दिवसभर ये-जा करतात आणि रिकाम्या भिंतींत प्रत्येक हॉर्न दोनदा ऐकू येतो.

लग्नाआधीच्या फोटोंचं प्रमाण शनिवार-रविवारी इतकं असतं की एका कमानीसमोर तीन-तीन जोड्या रांगेत असतात. हौस समजू शकते. पण रंगीत धुराच्या नळकांड्या कृपा करून आणू नका. त्यातला रंग चुन्याच्या गिलाव्यात मुरतो आणि धुऊन निघत नाही. चकचकीत कागदाचे तुकडे गवतात जातात, तिथून गुरांच्या पोटात. पडदा अडकवायला सांध्यात ठोकलेला एक खिळा पुढच्या पावसात पाणी आत न्यायला पुरेसा असतो. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांसाठी कायदाही स्पष्ट आहे: संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आय लव्ह’च्या पुढे कोरलेली नावं १६०१ च्या लेखाशेजारी वाचताना जीव तुटतो.

जायची वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी आठला पोहोचून बाराला निघावं, किंवा दुपारी अडीचला येऊन सूर्यास्ताला संपवावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं आणि त्यात जुन्या विहिरी, पडक्या पायऱ्या, साप काहीच दिसत नाही. तेव्हा मळलेली पायवाट सोडू नये. जुलै-ऑगस्टला किल्ला हिरवागार आणि फार देखणा होतो, पण तटावर चढू नये. शेवाळलेला बसाल्ट साबणासारखा निसटतो. एप्रिल-मे टाळाच. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, विजेरी, पूर्ण बूट, आणि कचरा परत न्यायला एक पिशवी. स्वच्छतागृह वसईगावात किंवा स्थानकावरच उरकून यावं, विशेषतः लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर. चाकाच्या खुर्चीतून डांबरी रस्ता, स्मारक आणि दर्या दरवाजाचा परिसर बघता येतो. चर्चच्या आत जमीन खडबडीत आहे.

खायचं म्हणाल तर आत सरबत, शहाळी, उन्हाळ्यात ताडगोळे, एवढंच. जेवण वसईगावात. बाजारात सुकेळी मिळाली तर घ्या. राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड. चांगली सुकेळी पिवळसर तपकिरी आणि दाबली तर लवचिक असते. काळपट आणि कडक असेल तर जुनी.

फेरीचा शेवट दर्या दरवाजात करा. जाड सागवानी दारं, त्यांवर लोखंडी खिळे, आणि बाहेर लगेच किल्लाबंदरचा कोळीवाडा. बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत घातलेले असतात. वाट त्यांच्या मधून जाते. तो कुणाच्या तरी घरचा वाळवणाचा माल आहे, फोटोसाठी हात लावू नये. याच बंदराच्या भरवशावर वसईला आणखी दोनदा इतिहासात यावं लागलं. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला घेतला आणि सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. मग हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव समुद्रमार्गे इथे उतरला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी तह केला. सहा हजार इंग्रजी पायदळ पदरी घ्यायचं, त्याच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध वा तह करायचा नाही. चिमाजी अप्पांनी हजारो माणसं गमावून जो किल्ला घेतला, त्याच किल्ल्यात त्यांच्याच पुतणनातवाने हे लिहून दिलं.

भरतीच्या वेळी इथून बोटी सुटताना बघायला मिळतात. ओहोटीला समोर फक्त चिखल आणि त्यात रुतलेल्या होड्या असतात. म्हणून भरतीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवावी आणि बाकीच्या फेरीचा हिशेब त्यावरून उलटा मांडावा. शेवटच्या बसला साधारण वीस मिनिटं हातात ठेवून दरवाजातून परत फिरायचं. अंधार पडल्यावर किल्ल्यातल्या आतल्या वाटांवर दिवे नाहीत.